आप्पांच्या मोरीपर्यंत

परत येऊन दहा दिवस झाले, तरी माझी कंबर अजून तिकडेच राहिली आहे. हडपसरच्या ऑफिसात खुर्चीत बसलो की पहिल्या दहा मिनिटांत ती आठवण करून देते. घरून निघून मुक्कामी पोचेपर्यंत जेमतेम ऐंशी किलोमीटर. एवढ्याशा अंतराचं प्रवासवर्णन लिहायचं म्हणजे पेठेतून कोथरूडला जाऊन आल्याचं लिहिण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण या ऐंशी किलोमीटरला मला साडेतीन वर्षं लागली. शेवटच्या चार किलोमीटरांत तर रस्ताच नाही, आणि तिथे कोणी जावं असं मी सुचवणारही नाही. ज्यांना जायचं नाही त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे. गाव भोरच्या पुढे डोंगरात आहे, एवढंच सांगतो. नाव सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे चाळीस गाड्या उभ्या राहतील.

आधी गाडीचं सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या कंपन्यांत लागलेल्या माझ्या पिढीला पगार मिळाले आणि वेळ गेला. मित्रांनी फ्लॅट घेतले, मग दुसरे फ्लॅट घेतले. मी लष्कराने मोडीत काढलेली एक जीप घेतली. आमचा सात-आठ जणांचा कंपू आहे. रविवारी डोंगरात जाऊन, जिथे रस्ता नाही अशा धोंड्यांवर गाड्या चढवायच्या, हा आमचा उद्योग. यात वेग नसतो. माणूस चालेल त्याहून हळू, एकेक दगड चाकाखाली घेत जायचं असतं. त्यासाठी गाडी मुद्दाम बांधावी लागते. बाजारात तयार मिळते ती पहिल्याच ओढ्यात पोट टेकते.

माझी गाडी लोणी काळभोरच्या नानांनी बांधली. नाना ट्रॅक्टरचे मिस्त्री, साठीच्या घरातले. पहिल्या दिवशीच ते म्हणाले होते, "मला असल्या गाड्या कळत न्हाईत. पर चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली कशी काढायची त्ये कळतं. तुझं काम त्येच हाय." त्यांनी गाडी उंच केली, मोठे टायर बसवले, पोटाखाली जाड पत्रा लावला, पुढे अडकलेली गाडी ओढून काढायला तारेचा विंच बसवला आणि मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरावीत म्हणून आतली जोडणी वेल्डिंग मारून कायमची बंद केली. गिअर इतके खाली आणले की पहिल्या गिअरात गाडी चालू ठेवून नाना खाली उतरत, शेजारून चालता चालता बिडी पेटवत आणि परत चढून बसत. या कामात माझे साडेतीन वर्षांचे शनिवार गेले. सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, पहिलं वर्षभर भांडण केलं. नंतर तिने शनिवारी माझ्यासाठी स्वयंपाक करणं सोडून दिलं.

एवढं करूनही 'चौथरा' काही चढता आला नाही. आमच्या कंपूच्या वाटेवर शेवटी कमरेएवढा एक उभा दगडी धक्का लागतो, त्याला आम्ही चौथरा म्हणायचो. पायथ्याशी धोंडे, वर सपाटी. मी दोनदा अपयशी ठरलो. पहिल्यांदा पुढचा ॲक्सल मोडला. दुसऱ्यांदा विंचची तार कोपऱ्यातल्या दगडाला गुंडाळून ओढायला गेलो, तर गाडी वर जाण्याऐवजी दगडच निखळून खाली आला. नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू घाई करतो. घाई केली की चाक फिरतं, गाडी सरकत न्हाय."

आप्पा माझे वडील. बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, वय शहात्तर, गुडघे गेलेले. आजोबांनी धम्म स्वीकारून घरातला देव्हारा उतरवला, त्यानंतर घरातून सरकारी नोकरीला लागलेले पहिले आप्पाच. त्यांनी आयुष्यभर रस्ते केले. माझ्या गाडीबद्दल साडेतीन वर्षांत ते एकदाच बोलले. "रस्ता नसेल तिथे रस्ता करतात. गाडी उंच करत नाहीत."

मी मात्र घरात शहाणपणा मिरवण्याची सवय सोडली नव्हती. एका रात्री जेवताना सुजाताला चौथऱ्याचा फोटो दाखवत होतो. आप्पांनी हात पुढे केला, चष्मा वर घेतला आणि बराच वेळ फोटो बघत राहिले.

"हा दगड घडीव आहे," ते म्हणाले. "गाव कुठलं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"याच्याखाली कमान आहे का?"

 त्या दगडासमोर मी दोन अख्खे दिवस घालवले होते. चाक कुठे ठेवायचं हे मला बोटभर अचूक सांगता आलं असतं. त्याच्याखाली काय आहे हे मी वाकून पाहिलं नव्हतं. दोन्ही अंगांना घाणेरीच्या आणि करवंदीच्या जाळ्या होत्या, एवढंच आठवत होतं.

"ती मोरी असेल," आप्पा म्हणाले. "ओढ्यावरचा लहान पूल. माझं पहिलं काम."

मग त्यांनी भात संपवला आणि हळूहळू बाकीचं सांगितलं. दुष्काळाच्या साली तिथे रस्त्याचं काम निघालं होतं. आप्पा नवे कनिष्ठ अभियंता. मोरी बांधून होत आली तेव्हा वरचे साहेब पाहणीला आले आणि मजुरांदेखत म्हणाले, "कोट्यातून आलेल्यांची कामं पहिल्या पावसापर्यंत." पाऊस यायच्या आत आप्पांची बदली विदर्भात झाली. पुढे डोंगराच्या पलीकडून नवा रस्ता झाला, हा रस्ता खात्याने सोडून दिला आणि पावसाने त्याचे धोंडे केले. म्हणजे आमचा कंपू ज्या वाटेला अवघड म्हणून मिरवत होता, ती आप्पांच्या रस्त्याची माती झालेली होती.

"एकदा तरी जाऊन बघायचं होतंत," मी म्हणालो.

"जाऊन बघितलं आणि नसली तर?" आप्पा म्हणाले आणि हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "तुझी ती गाडी मला नेईल का?"

लोणी काळभोर

शुक्रवारी रजा टाकली आणि दुपारी आप्पांना घेऊन नानांकडे गेलो. गाडी धुऊन उभी होती. नानांनी पुढे लिंबू-मिरची बांधली होती. आप्पांनी ती निरखून पाहिली.

"याने ब्रेक चांगले लागतात का?"

"ब्रेकासाठी न्हाय, नजरेसाठी हाय," नाना म्हणाले.

"मग असू दे. नजर अधू आहेच."

आता बसायचं. आप्पांनी डावा पाय उचलला, तो गाडीच्या पायरीच्या निम्म्यापर्यंतही पोचला नाही. मी खालून आधार दिला, नानांनी वरून हात दिला, तरी गुडघा वाकेना. साडेतीन वर्षं आम्ही ती गाडी उंच करत होतो. कुठल्या दगडावरून जाईल, पोट किती वर राहील, सगळं मोजलं होतं. तिच्यात म्हातारं माणूस कसं चढेल हा प्रश्न आम्हा दोघांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मला इतकी लाज वाटली की बेत रद्द करू असं म्हणणार होतो.

आप्पा बाजूला होऊन म्हणाले, "खडकावर चढते. आता माणसावर उपाय शोधा."

नाना शेजारच्या रानात गेले. तिथे ऊसतोड चालली होती. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायला तोडकरी लावतात तसली आडव्या पट्ट्या मारलेली फळी ते घेऊन आले. आप्पा तिच्यावरून एकेक पाऊल टाकत गाडीत जाऊन बसले, जसं काही सरकारी विश्रामगृहाच्या पायऱ्या चढत होते. फळी आम्ही वरच्या लोखंडी दांड्यांना बांधली. "मी बी येतो," नाना म्हणाले, "न्हाईतर फळी धरायची कुणी?"

स्वारगेट

मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात, हे खडकावर फार कामाचं असतं. डांबरी रस्त्यावर मात्र प्रत्येक वळणाला एक चाक घसटत जातं आणि टायर किंचाळतो. हडपसरपासून स्वारगेटपर्यंत आम्ही असे किंचाळत आलो. रिक्षावाले वळून बघत होते. पीएमटीच्या खिडकीतून एक बाई कानावर हात ठेवून माझ्याकडे रागाने बघत राहिल्या. चौकात हवालदाराने शिट्टी मारून गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याने टायर पाहिले, विंच पाहिला, वरची फळी पाहिली.

"काय साहेब, लढाईला निघालात?"

मी कागद काढायला लागलो. आप्पा शांतपणे म्हणाले, "निघालोय, पण वाटेत सिग्नल लागला."

हवालदाराने आप्पांकडे पाहिलं, बहुधा त्यांच्या वयाकडे, आणि हात हलवून सोडलं. पुढे कात्रजच्या चढाला इंजिन तापलं म्हणून अर्धा तास थांबलो. साताऱ्याकडे जाणाऱ्या गुळगुळीत रुंद रस्त्यावर आमची गाडी चाळीसच्या पुढे जात नव्हती. सगळे आम्हाला मागे टाकून पुढे जात होते. आप्पा रस्त्याकडे बघत होते. "उतार बरोबर दिलाय," मधेच म्हणाले, "पाणी थांबणार नाही."  माझ्या कंबरेने तेव्हाच हाय खाल्ली होती आणि गाडी चालवता चालवता मला वाटत होतं, की हे सगळं कशासाठी. चाळिशी उलटलेल्या माणसाने रजा टाकून अवघडलेल्या बापाला उघड्या गाडीत उन्हातून का न्यावं?

गावात

दिवस मावळायच्या आत गावात पोचलो. पलीकडच्या नव्या रस्त्यामुळे गावाचं तोंडच फिरलं आहे. जुन्या वेशीकडे आता उकिरडे आहेत आणि दुकानं पाठीमागच्या बाजूला. आमच्या कंपूला चहा-जेवण देणाऱ्या हौसाबाईंकडे उतरलो. सत्तरीच्या पुढच्या, पाठीतून वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. पुण्यात पाहुणा आला की किती वेळ थांबणार ते आधी विचारतात. हौसाबाई काही न विचारता चुलीकडे वळल्या. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि लसणाचा ठेचा. मी चार भाकरी खाल्ल्या, एवढंच लिहितो.

पाणी प्यायला आप्पांनी पिशवीतून स्वतःचं भांडं काढलं. हे स्टीलचं भांडं मी लहानपणापासून बघत आलो आहे. कुठेही जाताना ते त्यांच्याबरोबर असतं. मी ते स्वच्छतेचं वेड समजत होतो. हौसाबाईंनी भांड्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे नीट पाहिलं.

"तुमी मोरीचं रावसाहेब न्हवं?"

आप्पा मानेनेच हो म्हणाले.

"म्या खडी फोडायला हुते. धा-पंधरा पोरी हुतो आमी." त्या माझ्याकडे वळल्या. "गाव म्हनलं, ओढा बळी मागतुया, बकरं कापा. ह्ये म्हनलं, बळी न्हाई, काय न्हाई. मोरी झाली तवा सवता खाली जाऊन बसलं आन् डायवरला म्हनलं, वरनं टरक ने. आमी पोरी रडाया लागलो. टरक गेला आन् ह्ये खालनं कपडं झटकत आलं."

मला हे ठाऊक नव्हतं. पंचेचाळीस वर्षं मी या माणसाच्या घरात राहतो आहे.

हौसाबाईंनी आपल्या तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतलं आणि आप्पांच्या हातात दिलं. "त्ये ठिवा आत, रावसाहेब. तवा आमची मानसं यडी हुती." आप्पा थोडा वेळ फुलपात्र धरून बसले. मग प्यायले. मी उठून अंगणात गेलो, कारण मला रडू येत होतं आणि नानांसमोर ते नको होतं.

"मोरी हाय का अजून?" मी परत आलो तेव्हा आप्पा विचारत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच 'हाय' ऐकलं.

"तिकडं कोन जातंय आता," हौसाबाई म्हणाल्या. "सरपनाला बी जात न्हाई. ह्येंच्या गाड्या जात्यात तेवढ्या."

मोरी

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. चार किलोमीटरला साडेतीन तास लागले. ते सगळं सांगत बसत नाही. डावं चाक वर, उजवं खाली, थांबा, नाना उतरून धोंडा सरकवतात, पुन्हा अर्धा फूट. आप्पा दांडी धरून बसले होते. एखाद्या ठिकाणी मात्र ते बोट दाखवायचे. मला तिथे नुसता डोंगर दिसायचा. "ही आमची भिंत," ते म्हणायचे, आणि खरंच गवतात चार दगडांची रांग असायची. मी या वाटेने चारदा गेलो होतो आणि मला एकही भिंत दिसली नव्हती.

चौथरा दिसला तसं मी इंजिन बंद केलं. फळी लावून आप्पांना उतरवलं. नानांनी कोयत्याने जाळी तोडायला सुरुवात केली. घाणेरीचा उग्र वास सुटला. आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.  मला एवढंच वाटत होतं की खाली काहीतरी निघावं.

"कमान हाय," आतून नानांचा आवाज आला. "सबंद हाय. पानी बी चाललंय."

 खिशातून रुमाल काढून आप्पांनी चष्मा पुसला. मग जवळ जाऊन वाकून पाहिलं. निम्म्यावर गाळ होता, पण कमानीचा एकेक दगड जागेवर होता आणि मनगटाएवढी धार आरपार जात होती. डोंगराच्या पाण्याने अलीकडचा भराव तेवढा नेला होता, म्हणून ती अशी चौथऱ्यासारखी उघडी पडली होती. पलीकडे जुना उतार अजून शाबूत होता. वर आमच्या टायरांच्या काळ्या रेघा होत्या, लोखंडाचे ओरखडे होते आणि कोपऱ्यात ताजा खड्डा होता.

"इथला दगड?"

"मी काढला," मी म्हणालो. "तारेने ओढताना. मला माहीत नव्हतं."

"दिसतंय," आप्पा म्हणाले. "आता बसव."

वरच्या झाडाच्या बुंध्याला कप्पी बांधली, विंचची तार तिच्यावरून घेतली आणि दगड उचलायला लागलो. आप्पा समोर उभे राहून हाताने खुणा करत होते. येऊ दे, येऊ दे, हळू, बास. नानांनी पहारेने तो जागेवर ढकलला, आप्पांनी सांगितल्याबरहुकूम फटींत दगडाच्या चिपा ठोकल्या. दीड-दोन तास गेले.  मी म्हणालो, "आता सावलीत बसा. चहा करतो आणि निघू."

"फळी आण," आप्पा म्हणाले.

मला वाटलं गाडीत बसायचं आहे. त्यांनी ती ओढ्यात लावायला सांगितली. नानांचा खांदा धरून ते एकेक पाऊल खाली उतरले, वाकून कमानीखाली गेले आणि कडेच्या कोरड्या दगडावर बसले.

"आता वरनं गाडी ने."

"आप्पा, हे काय काढलंत?"

"त्या वेळी ट्रक रिकामा होता," खालून आवाज आला. "खडी भरलेला दुसऱ्या दिवशी यायचा होता. संध्याकाळी बदलीची ऑर्डर आली. पाहणी पुरी व्हायची राहिली आहे."

"तो दगड आत्ता बसवलाय. चुना नाही, काही नाही."

"कोणी बसवून घेतला?"

"तुम्ही."

"मग?"

मी नानांकडे पाहिलं. "म्हातारा ऐकायचा न्हाय," ते म्हणाले. "तू फक्त घाई करू नको."

मी गाडीत बसलो. या धक्क्यावर मी दोनदा धडका मारल्या होत्या. आता खाली माझा बाप बसला होता आणि धडक मारायची सोय उरली नव्हती. पहिला गिअर टाकला आणि पेडलवरचा पाय काढून घेतला. पुढची चाकं दगडाला टेकली. नुसती टेकून उभी राहिली, आणि मला वाटलं आता घसरणार. पण रबराने दगड धरला, बोनेट आकाशाकडे गेलं, मला फक्त झाडाचा शेंडा दिसत होता. एक वीत. आणखी एक वीत. कुठे काही कचकचलं तर ऐकू यावं म्हणून मी श्वास रोखला होता. मागची चाकं त्या नव्याने बसवलेल्या दगडावर आली, तेव्हा मी डोळे मिटले, हे कबूल करतो. मग नाक खाली आलं आणि गाडी मोरीवर सपाट उभी राहिली.

साडेतीन वर्षांनी मी वर होतो. आनंद वगैरे काही झाला नाही. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी खालचा आवाज ऐकत होतो, आणि पाण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"आप्पा?" मी हाक मारली.

"पुढे घे," ते खालून म्हणाले. "मोरी थांबायला बांधलेली नाही."